मधमाशीलाच विचारणारा शास्त्रज्ञ

१९४१ च्या सुरुवातीला म्युनिक विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक कार्ल फॉन फ्रिश यांच्या नोकरीवर गदा आली. त्यांच्या आईची आई ज्यू घराण्यातली, म्हणून नाझी सरकारच्या वंशविषयक नियमांनुसार ते ‘दुसऱ्या दर्जाचे मिश्रवंशी’ ठरले होते. अशा माणसाला सरकारी विद्यापीठात जागा नव्हती. वय होते ५४. उभी हयात ज्या प्रयोगशाळेत घालवली, ती सोडण्याची वेळ समोर दिसत होती.

त्याच सुमारास जर्मनीतील मधपाळ वेगळ्याच संकटात होते. नोसेमा नावाचा सूक्ष्म परजीवी मधमाशीच्या आतड्यात वाढतो. तिचे पचन बिघडते, ती दुबळी होते आणि लवकर मरते. या रोगाने देशभरातील मधमाश्यांच्या काही लाख वसाहती उद्ध्वस्त झाल्या. मधमाश्या गेल्या की केवळ मध जात नाही. फळबागा, तेलबिया आणि चारापिकांचे परागीभवनही अडते. युद्ध चालू असताना सरकारला हे परवडणारे नव्हते. मधमाश्यांची सर्वात खोल माहिती असलेला माणूस तर नेमका बडतर्फीच्या वाटेवर होता. सहकाऱ्यांनी आणि हितचिंतकांनी हा धागा पकडून खटपट केली. अखेर फ्रिश यांची बडतर्फी युद्ध संपेपर्यंत लांबणीवर पडली आणि नोसेमावर संशोधन करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

या रोगावर हमखास उपाय त्यांना सापडला नाही. पण मधमाश्यांनी मिळवून दिलेल्या त्या मुदतीत त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा शोध लागला. त्यासाठी त्यांना आधी स्वतःचाच वीस वर्षे जुना निष्कर्ष चुकीचा ठरवावा लागला.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

कार्ल फॉन फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्नात झाला. वडील अंतोन हे नावाजलेले शल्यविशारद. आई मारी ही एक्सनर या विद्वानांच्या घराण्यातली. चार भावांत कार्ल सर्वात धाकटा. लहानपणी त्याच्या खोलीत पक्षी, सरडे, बेडूक, मासे असा शंभरावर प्राण्यांचा राबता होता. कोणता प्राणी कधी आणला, काय खातो, कसा वागतो, याची नोंद तो वहीत ठेवी. उन्हाळ्यात सारे कुटुंब ऑस्ट्रियातील वोल्फगांग सरोवराकाठी ब्रुनविंकल या ठिकाणी जाई. तिथे आईने एक जुनी पाणचक्की विकत घेऊन तिचे घर केले होते. हे ठिकाण पुढे जन्मभर त्यांची उघड्यावरची प्रयोगशाळा झाले.

वडिलांच्या इच्छेनुसार कार्ल यांनी व्हिएन्नात वैद्यकशास्त्राचे शिक्षण सुरू केले. तिथे शरीरक्रियाशास्त्र शिकवायला त्यांचे मामा सिग्मुंड एक्सनर होते. कीटकांचा डोळा शेकडो लहान भिंगांनी मिळून कसा पाहतो, यावर या मामांनी पायाभूत काम केले होते. भाच्याचे मन माणसाच्या शरीरापेक्षा प्राण्यांच्या इंद्रियांत अधिक रमू लागले. वैद्यकी मध्येच सोडून ते प्राणिशास्त्राकडे वळले. १९१० मध्ये डॉक्टरेट मिळवून ते म्युनिकला रिचर्ड हेर्टविग यांचे सहायक झाले.

करड्या कागदांतला निळा कागद

त्या काळी म्युनिकच्या नेत्र रुग्णालयाचे संचालक कार्ल फॉन हेस हे डोळ्यांच्या विषयातले मोठे नाव होते. मासे आणि कीटकांसारखे अपृष्ठवंशीय प्राणी पूर्णपणे रंगांध असतात, असे त्यांचे ठाम मत होते. मधमाशांना अंधाऱ्या जागेत ठेवून दोन रंगीत उजेड दाखवले, तर त्या नेहमी अधिक उजळ बाजूकडे धावतात, रंग कोणता याने फरक पडत नाही, असे त्यांनी प्रयोगांनी दाखवले होते.

तरुण फ्रिश यांना हे पटेना. मधमाश्या रंगांध असतील, तर फुलांना एवढे रंग आले कशासाठी? उत्क्रांतीच्या दृष्टीने पाहिले तर फुलांचे रंग हे परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठीचे आमंत्रण असायला हवे. ज्याला आमंत्रण दिसतच नाही, त्याच्यासाठी झाडाने एवढा खर्च करण्याचे कारण नव्हते.

त्यांनी केलेला प्रयोग शाळेतही करता येण्याजोगा आहे. टेबलावर एका निळ्या कागदावर साखरपाण्याची बशी ठेवायची. माश्या तिथे येऊ लागल्या की तो कागद करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांच्या कागदांमध्ये मांडायचा, त्याची जागा बदलत राहायचे आणि अखेरीस सगळ्या बश्या रिकाम्या ठेवायच्या. रंगांध डोळ्याला निळा कागद कोणत्या ना कोणत्या करड्या छटेसारखाच दिसला असता आणि माशी गोंधळली असती. माश्या मात्र न चुकता निळ्या कागदावर उतरल्या. लाल कागदाच्या बाबतीत त्या गोंधळल्या. लाल आणि काळा यांत त्यांना फरक करता आला नाही. म्हणजे मधमाशीला रंग दिसतात, पण तिचे रंगांचे जग माणसापेक्षा वेगळे आहे. माणसाला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात, हे पुढे इतर संशोधकांनी सिद्ध केले.

१९१४ मध्ये फ्रिश यांनी हे सारे सविस्तर प्रसिद्ध केले. हेस यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. एका ज्येष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याशी नवख्या सहायकाचा हा वाद बरीच वर्षे चालला. गंमत म्हणजे हेस यांचे निरीक्षण खोटे नव्हते. अंधारात कोंडलेली माशी सुटकेच्या घाईत असते. तेव्हा तिला फक्त उजेड हवा असतो, रंगाशी कर्तव्य नसते. अन्न शोधणारी माशी मात्र रंग पाहते. चूक होती ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. प्राण्याला काय कळते हे जाणून घ्यायचे, तर त्याच्या रोजच्या आयुष्यात ज्याला अर्थ आहे अशाच प्रसंगी ते विचारावे लागते. हा धडा फ्रिश पुढे कधी विसरले नाहीत.

शिट्टी ऐकून येणारा मासा

पहिल्या महायुद्धात अधू दृष्टीमुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. त्या काळात त्यांनी व्हिएन्नात, भाऊ ओटो प्रमुख असलेल्या रुग्णालयात काम केले आणि साथीच्या रोगांच्या निदानासाठी तिथे जीवाणू तपासणीची प्रयोगशाळा उभारली. तिथल्याच एक परिचारिका मार्गारेटे मोर यांच्याशी १९१७ मध्ये त्यांचा विवाह झाला.

युद्धानंतर रोस्टॉकमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी आणखी एक पक्का समज मोडला. माशांच्या कानात माणसाच्या कानातली शंखाकृती रचना नसते, म्हणून मासे बहिरे असतात, असे मानले जाई. फ्रिश यांनी एक दृष्टिहीन केलेला मार्जारमीन टाकीत मातीच्या नळीसह ठेवला. रोज खाऊ देण्याआधी ते शिट्टी वाजवत. काही दिवसांनी नुसती शिट्टी ऐकून मासा नळीबाहेर येऊ लागला. मासे बहिरे असतात असे मानणारे कर्णरोगतज्ज्ञ ओटो कोर्नर यांनी हे प्रत्यक्ष पाहिले आणि आपले मत मागे घेतले. १९२३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

चौकटीवरचा नाच आणि एक चूक

मधमाश्यांच्या प्रयोगांत एक गोष्ट फ्रिश यांना सतत खुणावत होती. रिकामी झालेली बशी पुन्हा भरली आणि एखाद्या माशीला ती सापडली की थोड्याच वेळात तिच्याच वसाहतीतल्या अनेक माश्या तिथे हजर होत. ही बातमी पोहोचते कशी?

१९१९ मध्ये त्यांनी काचेच्या भिंतींची, एकच चौकट असलेली मधपेटी वापरून आतले व्यवहार पाहायला सुरुवात केली. बशीवर आलेल्या माश्यांच्या पाठीवर त्यांनी रंगाचे ठिपके दिले. पाच रंग आणि ठिपक्यांच्या जागा यांच्या आधारे शेकडो माश्यांना क्रमांक देता येई. पेटीत परतलेली माशी चौकटीवर गोल गोल फिरू लागली, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. भोवतालच्या माश्या तिला मिशांनी चाचपत तिच्यामागे फिरल्या आणि मग बाहेर उडाल्या.

दुसराही एक नाच त्यांना दिसला. यात माशी पोट झपाझप डावी-उजवीकडे हलवत थोडे अंतर सरळ जाते, अर्धवर्तुळ घेऊन मागे येते, पुन्हा तीच सरळ रेघ चालते आणि या वेळी दुसऱ्या बाजूने अर्धवर्तुळ घेते. असा नाच करणाऱ्या बहुतेक माश्यांच्या पायांना पराग चिकटलेले असत. त्यावरून फ्रिश यांनी निष्कर्ष काढला की गोल नाच म्हणजे मकरंद आणि पोट हलवणारा नाच म्हणजे पराग. जागेचा पत्ता मात्र माश्या सांगत नाहीत. नाचणाऱ्या माशीच्या अंगाला लागलेल्या फुलाच्या वासावरून बाकीच्या शोध घेतात. १९२३ मध्ये त्यांनी हे ‘मधमाश्यांची भाषा’ म्हणून मांडले. त्यांचे नाव झाले, पाठ्यपुस्तकांत ही मांडणी आली. पुढची दोन दशके ती तशीच राहिली.

दरम्यान ते ब्रेस्लावला गेले आणि १९२५ मध्ये हेर्टविग यांच्या जागी म्युनिकला प्राध्यापक झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने १९३२ मध्ये तिथे प्राणिशास्त्राची नवी संस्था उभी राहिली. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि सरकारी नोकरांना आपला वंश सिद्ध करण्याची सक्ती झाली. आजीची कागदपत्रे फ्रिश यांना दाखवता येईनात. ज्यू सहायकांना थारा देतात, अशा तक्रारीही त्यांच्याविरुद्ध झाल्या. तरीही त्यांचे चित्र निव्वळ उजळ रंगवता येत नाही. १९३६ च्या त्यांच्या एका लोकप्रिय पुस्तकात, त्या काळी सरकारमान्य असलेल्या सुप्रजननाच्या विचारांना अनुकूल मजकूर होता. ज्या वंशवादाला अशा विचारांनी बळ दिले, त्याचा बडगा काही वर्षांत त्यांच्यावरच आला.

स्वतःचा निष्कर्ष खोडणारा उन्हाळा

१९४४ च्या हवाई हल्ल्यांत फ्रिश यांचे म्युनिकमधले घर उद्ध्वस्त झाले, संस्थेचेही मोठे नुकसान झाले. ते कुटुंबासह ब्रुनविंकलच्या जुन्या पाणचक्कीत आले. नोसेमाच्या कामाला जोडूनच माश्यांना हव्या त्या पिकाकडे वासाच्या साह्याने कसे वळवता येईल, हा व्यावहारिक प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यासाठी सहकारी रूथ बॉइटलर यांच्यासह चाललेल्या प्रयोगांत साखरपाण्याच्या बश्या पेटीपासून नेहमीपेक्षा लांब ठेवल्या गेल्या.

आणि अनपेक्षित घडले. केवळ साखरपाणी घेऊन आलेल्या माश्या, पायांना परागाचा कणही नसताना, पोट हलवणारा नाच करू लागल्या. त्यांच्यामागून निघालेल्या माश्या पेटीजवळ घुटमळल्या नाहीत; त्या थेट दूर जाऊन शोधू लागल्या.

चूक कुठे झाली होती, हे फ्रिश यांच्या लक्षात आले. सुरुवातीच्या प्रयोगांत निरीक्षणाच्या सोयीसाठी साखरपाण्याच्या बश्या त्यांनी पेटीच्या जवळ ठेवल्या होत्या. पराग आणणाऱ्या माश्या मात्र दूरच्या खऱ्याखुऱ्या फुलांवरून येत होत्या. दोन नाचांतला फरक अन्नाच्या प्रकाराचा नव्हताच. तो अंतराचा होता. अन्न सुमारे ५० ते १०० मीटरच्या आत असेल तर गोल नाच, त्याहून दूर असेल तर पोट हलवणारा नाच. अंतर जितके जास्त, तितका नाच संथ. अन्न १०० मीटरवर असेल तर १५ सेकंदांत नाचाच्या नऊ-दहा फेऱ्या होतात, ५०० मीटरवर सुमारे सहा, तर ६ किलोमीटरवर केवळ दोन.

दिशेचे कोडे १९४५ च्या उन्हाळ्यात सुटले. पेटीच्या आत काळोख असतो आणि चौकट उभी असते. तिथे सूर्य कसा दाखवायचा? माशी त्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा आधार घेते. सरळ वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा. माशी पोट हलवत सरळ वर चालली, तर अन्न सूर्याच्या बाजूला. खाली चालली, तर सूर्याच्या उलट बाजूला. उभ्या रेषेच्या उजवीकडे ६० अंशांचा कोन केला, तर अन्न सूर्याच्या उजवीकडे ६० अंशांवर. सूर्य पुढे सरकतो तसा नाचाचा कोनही बदलत जातो. तांदळाच्या दाण्याएवढ्याही नसलेल्या मेंदूत प्रकाशाचे माप गुरुत्वाच्या मापात बदलले जात होते.

निष्कर्ष एवढा नवलाचा होता की फ्रिश यांनी तो पुन्हा पुन्हा तपासला. पंख्याच्या पात्यांप्रमाणे निरनिराळ्या दिशांना सारख्याच वासाच्या रिकाम्या बश्या ठेवल्या. बहुतेक नव्या माश्या नाचाने दाखवलेल्या दिशेलाच गेल्या. डोंगराच्या सुळक्यामुळे वळसा घालून उडावे लागणाऱ्या माश्यांनीही नाचात अन्नाची सरळ रेषेतली दिशाच दाखवली. वीस वर्षे आपल्या नावाने शिकवली जाणारी मांडणी चुकीची होती, हे साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या या प्राध्यापकाने स्वतः जाहीर केले.

आकाशाचा निळा तुकडा

युद्धानंतर १९४६ मध्ये ते ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठात गेले. तिथल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. सूर्य ढगाआड किंवा डोंगरामागे असला तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा दिसला की माशी अचूक दिशा दाखवते. निळ्या आकाशातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी विशिष्ट प्रतलात कंप पावतात, आणि हे प्रतल सूर्याच्या स्थानानुसार ठरते. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही. फ्रिश यांनी नाचणाऱ्या माशीच्या वर ध्रुवक काच धरून फिरवली, तशी तिच्या नाचाची दिशाही बदलली. १९४९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि मामांनी ज्या कीटकनेत्राचा अभ्यास केला होता, त्याची एक नवी क्षमता भाच्याने उघड केली.

१९५० मध्ये ते म्युनिकला परतले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी नाचाच्या उत्क्रांतीचा मागोवा घेण्यासाठी श्रीलंकेत जाऊन तिथल्या मधमाश्यांचा अभ्यास केला. ज्यांना महाराष्ट्रात आग्या, सातेरी आणि फुलोरी म्हणतात, त्याच या जाती. सातेरी पोकळीतल्या अंधारात उभ्या पोळ्यावर नाचते. झुडपात लहानसे उघडे पोळे बांधणारी फुलोरी मात्र पोळ्याच्या वरच्या आडव्या पृष्ठभागावर, मोकळ्या आकाशाखाली नाचते आणि थेट अन्नाच्या दिशेलाच धावून दाखवते. नाचाचे मूळ रूप असे सरळ बोट दाखवण्याचे असावे आणि बंद पोकळीत राहायला गेलेल्या जातींत त्याचे सांकेतिक रूप तयार झाले असावे, असा अंदाज यातून पुढे आला.

तीन वाटांनी आलेले तिघे

१९७३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्रिश, कोनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन यांना विभागून मिळाले. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र आहे, यावर त्याने शिक्कामोर्तब केले. तिघांचा युद्धकाळ मात्र तीन तऱ्हांचा होता. लॉरेन्झ नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. डच टिनबर्गन जर्मनांच्या ओलिसांच्या छावणीत दोन वर्षे होते. आणि फ्रिश यांची नोकरी आजीमुळे जाता जाता मधमाश्यांमुळे वाचली होती.

पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांच्या सिद्धान्ताला आव्हानही मिळत होते. कॅलिफोर्नियातील एड्रियन वेनर आणि पॅट्रिक वेल्स यांचे म्हणणे होते की माश्या नाच वाचत नाहीत. केवळ वासावरून अन्न शोधतात. हे बरेचसे फ्रिश यांच्याच १९२३ च्या मताशी जुळणारे होते. या वादातून अधिक काटेकोर प्रयोग झाले. जेम्स गूल्ड यांनी दिव्याचा उजेड वापरून नाचाचा अर्थ बदलवला. माश्या बदललेल्या अर्थानुसार गेल्या. पुढे नाचणारी यांत्रिक माशी बनवली गेली आणि २००५ मध्ये माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म उपकरण बसवून रडारने त्यांचा माग काढण्यात आला. नाचातून दिशा आणि अंतर कळते, जवळ पोहोचल्यावर वास मदत करतो, हे स्पष्ट झाले. रडारचा निकाल पाहायला फ्रिश नव्हते. १२ जून १९८२ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले होते.

आज मधमाश्यांची संख्या आणि आरोग्य पुन्हा चिंतेचा विषय आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वर्षे काचेच्या पेट्यांतील नाच चित्रित करून त्यांपैकी ५,४८४ नाचांचा अर्थ लावला आणि आसपासच्या कोणत्या जमिनीवर माश्यांना अन्न मिळते याचा नकाशा केला. निसर्गासाठी राखलेले रानफुलांचे क्षेत्र माश्यांना विशेष पसंत असल्याचे त्यात दिसले. कोणते शेत माश्यांना पोसते, हे ठरवण्यासाठी त्यांनी प्रश्न माश्यांनाच विचारला होता; उत्तर वाचण्याची रीत फ्रिश यांनी घालून दिलेली होती.